राहावे की जावे? लिव्हरपूलच्या दोन मैदानांचा धडा

मंडई जुनी झाली, अपुरी पडू लागली, म्हणजे ती आहे तेथेच वाढवावी की गावाबाहेर न्यावी, हा वाद आपल्यापैकी पुष्कळांनी आपापल्या गावी ऐकलेला असेल. एस.टी.चे स्थानक, इस्पितळ, कचेरी यांच्याबाबतही तोच वाद होतो. एक बाजू आठवणी सांगते, दुसरी बाजू आकडे सांगते. आणि बहुधा दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचे ऐकत नाही. असा प्रश्न शांतपणे समजून घ्यायचा तर दूरचे उदाहरण घेणे बरे. कारण दूरच्या उदाहरणात आपला गट नसतो आणि आपली जमीनही नसते.

म्हणून आम्ही इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहराचे उदाहरण निवडले आहे. तेथे फुटबॉलचे दोन नामांकित क्लब आहेत: एव्हर्टन आणि लिव्हरपूल. दोघांची जुनी मैदाने स्टॅन्ली पार्क नावाच्या एका बागेच्या दोन अंगांना, एकमेकांपासून मैलभराच्याही आत. दोघांनाही जागा अपुरी पडू लागली. शहर एक, वस्ती एक, प्रश्न एक; उत्तरे मात्र दोन. लिव्हरपूल क्लबाने आहे तेथेच राहून मैदान वाढवले. एव्हर्टनने १३३ वर्षांचे मैदान सोडले आणि सुमारे दोन मैलांवर, मर्सी नदीच्या काठच्या एका जुन्या गोदीत, नवे मैदान बांधून २०२५ साली तेथे बिऱ्हाड हलवले. मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग आहे. त्यातून काय निघते, ते पाहू.

भांडणातून झालेली दोन मैदाने

या दोन मैदानांचा जन्मच मुळी एका भाडेकरूच्या भांडणातून झाला. एव्हर्टन हा दोघांत वडील. त्याची स्थापना १८७८ ची, एका चर्चच्या आश्रयाने झालेली. १८८४ पासून हा क्लब ॲनफील्ड या मैदानावर खेळत असे. मैदानाची सूत्रे जॉन हौल्डिंग या गृहस्थांच्या हाती. ते मद्य गाळण्याच्या धंद्यातले, शहराच्या राजकारणातले, आणि क्लबाचेही एक धुरीण. सुरुवातीला १०० पौंड असलेले भाडे वाढत वाढत २५० पौंडांवर गेले. शेवटी १८९२ साली क्लबाच्या सभासदांनी बाग ओलांडली, पलीकडे स्वतःची जागा घेतली आणि गुडिसन पार्क उभे केले. हौल्डिंग यांच्याजवळ मैदान उरले, पण संघ उरला नाही. तेव्हा त्यांनी नवा क्लब काढला; तोच आजचा जगप्रसिद्ध लिव्हरपूल क्लब.

मुंबईकरांना ही कथा अपरिचित वाटू नये. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ पासून उभे असताना, तिकिटांच्या वाटपावरून त्या क्लबाचे आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे बिनसले. आणि १९७४ साली हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले. मैदान हे विटांचे असते खरे. परंतु ते कोठे असावे हे पुष्कळदा भाडे, मालकी आणि तिकीट या तीन गोष्टी ठरवतात. हे सूत्र पुढेही उपयोगी पडेल.

ॲनफील्डच्या एका टोकाला उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्यांची एक टेकडीवजा रचना १९०६ साली झाली. तिला ‘स्पायन कॉप’ हे नाव पडले. दक्षिण आफ्रिकेतील ज्या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअर लोकांशी झालेल्या लढाईत इंग्रजांची शेकडो माणसे पडली, तिचे हे नाव. मरण पावलेल्यांत लँकेशायर परगण्यातील सैनिक बरेच होते, आणि लिव्हरपूल त्याच परगण्यातले. त्याच लढाईत जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषापथकात मोहनदास गांधी होते. त्या टेकडीचे नाव आजही हजारो माणसे दर आठवड्याला घेतात. मैदानाच्या भिंतीत इतिहास कसा मुरलेला असतो, त्याचा हा एक नमुना.

प्रश्न उभा का राहिला?

आता कोणी विचारील की, शंभर वर्षे जे मैदान पुरले ते एकाएकी अपुरे का पडावे? माणसे वाढली म्हणून? नव्हे. उलट पूर्वीच अधिक माणसे मावत. सप्टेंबर १९४८ मध्ये गुडिसन पार्कवर या दोन क्लबांच्या सामन्याला ७८,२९९ प्रेक्षक होते. त्याच मैदानाची अखेरची क्षमता सुमारे ३९,४०० होती. म्हणजे मैदान तेच, पण माणूस निम्मा!

याचे कारण दुःखद आहे. कामगारवर्ग शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की थेट मैदानावर जाई आणि स्वस्त तिकीट काढून पायऱ्यांवर उभ्याने सामना पाही. तेथे माणसे दाटीवाटीने कोंबली जात. १९८५ साली ब्रॅडफर्ड येथे लाकडी सज्जाला आग लागून ५६ माणसे गेली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी होऊन एकूण ९७ जीव गेले. प्रथम प्रेक्षकांवरच दोष ढकलण्यात आला. मृतांच्या कुटुंबीयांनी सत्तावीस वर्षे लढा दिला, तेव्हा कुठे २०१६ साली न्यायपंचांनी निर्णय दिला की, हे बळी बेकायदा मनुष्यवधाचे असून त्यात प्रेक्षकांचा दोष नव्हता.

त्या घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अहवाल दिला आणि वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना प्रत्येक प्रेक्षकास खुर्ची देणे भाग पडले. एका बसलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. कॉपवर पूर्वी २८ हजारांच्या आसपास माणूस उभा राही. १९९४ नंतर तेथे सुमारे १२ हजार खुर्च्या बसल्या. (२०२२ पासून कठडे लावून उभे राहण्याची परवानगी तेथे पुन्हा मिळू लागली आहे; परंतु एका खुर्चीमागे एकच माणूस, असा हिशेब असल्याने संख्या वाढत नाही.)

सुरक्षिततेसाठी हे करणे आवश्यकच होते, याविषयी दुमत नाही. परंतु त्याचा आर्थिक परिणाम असा झाला की, प्रत्येक जुने मैदान एका फटक्यात लहान झाले. जागा कमी, मागणी तीच. मग तिकिटाचा दर चढतो. ज्याला पूर्वी आठवड्याच्या मजुरीतून सहज जाता येई, त्याला आता दहादा विचार करावा लागतो. तेव्हा मैदान वाढवणे ही मालकाचीच गरज आहे असे समजू नये. जागा वाढल्या तर सामान्य माणसाला आत शिरायला वाव मिळतो. निदान मिळू शकतो.

वाढवायचे म्हणजे काय करायचे?

शेतात घराला एक पडवी काढावी तसे मैदान वाढवता येत नाही. मैदानाला चार बाजू. प्रत्येक बाजूच्या सज्जामागे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एकमेकींना चिकटलेल्या दुमजली घरांची रांग. सज्जा उंच करायचा तर तो मागेही सरकवावा लागतो. कारण वरच्या रांगेतल्या माणसाला खालची कड दिसली पाहिजे. मागे सरकवायचा तर रस्ता हवा, घरे हवीत. उंची वाढली की शेजारच्या घरांचा उजेड अडतो, आणि इंग्लंडच्या कायद्यात जुन्या घराला उजेडाचा हक्क असतो. शिवाय वाढीव माणसांना बाहेर पडायला जिने, दारे, गाड्या पाहिजेत. केवळ खुर्च्या मोजून भागत नाही.

गुडिसन पार्कची कोंडी याहून अधिक. त्याच्या एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च जवळजवळ मैदानाला खेटून उभे, एका अंगाला प्राथमिक शाळा, बाकी सारी घरे. सज्जांचे छप्पर लोखंडी खांबांवर तोललेले; त्यामुळे हजारो खुर्च्यांवरून खेळाचा काही भाग दिसतच नसे. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालने तीन गोलांनी मागे पडून उत्तर कोरियाला ५–३ असे हरवले ते याच मैदानावर. ज्यांनी तो सामना खांबाआडून पाहिला असेल त्यांनीही तो आयुष्यभर सांगितला असेल. पण आठवणींनी खांब हलत नाहीत.

याउलट ॲनफील्डला दोन बाजूंना हातपाय पसरायला वाव निघू शकत होता. मात्र तो वाव म्हणजे माणसांची राहती घरे होती. येथेच या कथेतला खरा पेच सुरू होतो.

राहण्याची किंमत

‘आम्ही आमची पवित्र भूमी सोडणार नाही’ असे क्लब म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात. परंतु जुन्या जागी राहायचे तर शेजाऱ्याला उठवावे लागते. ॲनफील्डच्या एका बाजूचा सज्जा वाढवण्यासाठी क्लबाने मागची घरे एकेक करून विकत घेतली. एका घरातील दोन वृद्ध बहिणींनी विकायला नकार दिला. बाकीची गल्ली ओस पडली तरी त्या हलल्या नाहीत. अखेर १९९० साली त्यांनी घर सोडले आणि १९९२ साली तो सज्जा उघडला. या बहिणी अडेलतट्टू होत्या असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आमचे मत वेगळे आहे. एक बलाढ्य संस्था आणि दोन वृद्ध स्त्रिया यांच्या व्यवहारात नकार देण्याचा हक्क एवढेच त्या स्त्रियांचे भांडवल होते. ते त्यांनी वापरले.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. २००० नंतर क्लबाने बागेतच, म्हणजे स्टॅन्ली पार्कमध्ये, नवे मैदान बांधण्याची योजना आखली. नगरपालिकेची परवानगी मिळाली. २००७ साली हिक्स आणि जिलेट या दोन अमेरिकन धनिकांनी क्लब विकत घेतला आणि बांधकाम लवकरच सुरू होईल असे जाहीर केले. नवे नकाशे निघाले. मग २००८ चे आर्थिक संकट आले; क्लबावर कर्जाचा डोंगर झाला; २०१० मध्ये क्लब पुन्हा विकला गेला. बागेत एक वीटही चढली नव्हती. नव्या मालकांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर केले की आपण ॲनफील्डवरच राहू.

म्हणजे दहा-बारा वर्षे ‘जाऊ की राहू’ यात गेली. या काळात मैदानामागच्या गल्ल्यांचे काय झाले? क्लबाने त्यांतील घरे घेऊन ठेवली होती आणि पुष्कळ घरे रिकामी पडून होती. खिडक्यांवर पत्रे ठोकलेली घरे, मधूनच एखादे नांदते घर. जो राहिला त्याच्या घराची किंमत पडली. जो गेला त्याला पडलेल्या भावात विकावे लागले. लोथेअर रोड हे अशाच एका गल्लीचे नाव. पुढे ती पाडण्यात आली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्या रहिवाशांची कैफियत सविस्तर छापली आहे. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या तेव्हा ‘चालू होणार, होणार’ म्हणत ज्यांनी चाळीत वर्षे काढली त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. निर्णय वाईट लागला तर माणूस त्यातूनही वाट काढतो. निर्णयच लागला नाही तर तो कुजतो.

निर्णय झाल्यावर मात्र काम नेटके झाले. मुख्य सज्जाच्या पाठीमागे नवा सांगाडा, पुढे सामने चालू असतानाच, उभारण्यात आला. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात जुने छप्पर काढून नवे-जुने जोडले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे ८,५०० वाढीव जागा मिळाल्या. खर्च ११ कोटी पौंडांच्या घरात. नंतर दुसऱ्या टोकाला सुमारे ७,००० जागा वाढल्या. खर्च सुमारे ८ कोटी. त्या कामात असताना २०२३ साली बांधकाम कंपनीचेच दिवाळे निघाले, दुसरा ठेकेदार आणावा लागला आणि काम काही महिने लांबले. तरीही २०२४ मध्ये मैदान सुमारे ६१ हजारांचे झाले.

जाण्याची किंमत

आता बागेपलीकडे जाऊ. एव्हर्टनची जाण्याची इच्छा जुनीच. नशीब मात्र खोटे. प्रथम शहराच्या मध्यभागी किंग्ज डॉक येथे जागा ठरली. क्लबाने आपल्या वाट्याचे ३ कोटी पौंड उभे करायचे होते. ते झाले नाहीत आणि २००३ साली योजना बारगळली. मग शहराच्या हद्दीबाहेर कर्कबी येथे, टेस्को या दुकानदारी कंपनीच्या भागीदारीत, मैदान आणि प्रचंड बाजार असा घाट घातला. २००७ साली क्लबाने मतदान घेतले. सुमारे ५९ टक्के मते बाजूने पडली. ‘एव्हर्टन शहराबाहेर जाता कामा नये’ म्हणणारे प्रेक्षकही संघटित झाले. सार्वजनिक चौकशी झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने परवानगी नाकारली. एवढ्या मोठ्या बाजाराने आसपासच्या गावांचा व्यापार बसेल, हे मुख्य कारण.

तिसऱ्या खेपेस, २०१७ साली, ब्रॅम्ली-मूर गोदीची जागा पुढे आली. ही गोदी १८४८ सालची. जेसी हार्टली या अभियंत्याने बांधलेली. कंटेनरची जहाजे आल्यावर लिव्हरपूलची मोठी वाहतूक नदीच्या मुखाजवळ सीफोर्थला सरकली आणि आतल्या गोद्या सुन्या झाल्या. मुंबई बंदराचा माल न्हावाशेव्याला गेला, त्यातलाच हा प्रकार. १९९५ ते १९९८ या काळात कामावरून काढलेल्या सुमारे ५०० गोदी कामगारांचा झगडा त्याच शहरात झाला. १९९७ मध्ये लिव्हरपूल क्लबाच्या रॉबी फाउलर या खेळाडूने गोल केल्यावर त्या कामगारांच्या पाठिंब्याचा सदरा भर मैदानात दाखवला आणि युरोपीय संघटनेने त्याला दंड केला. ज्या काठावरून कामगार गेला, त्याच काठावर आता प्रेक्षक यायचा होता.

गोदीचे पाणी हटवून, समुद्रातून काढलेली वाळू भरून, तेथे मैदान उभारायचे ठरले. रिकामी गोदी असल्याने राहते घर एकही पाडावे लागले नाही, ही या जागेची मोठीच जमेची बाजू. पण खर्चाची बाजू निराळीच निघाली. लिव्हरपूलचा बंदरभाग २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होता. किनाऱ्यावरील एकूण नव्या बांधकामांमुळे, ज्यांत हे मैदानही आले, जुलै २०२१ मध्ये शहराचे नाव त्या यादीतून काढून टाकण्यात आले. जगात अशी नामुष्की त्यापूर्वी दोनच स्थळांवर आली होती. गोदीची जुनी भिंत आणि पाण्याच्या दाबावर यंत्रे चालवणारे इंजिनघर क्लबाने राखले, हे खरे. परंतु गोदी ती गोदी राहिली नाही, हेही खरे.

आणखी एक गोष्ट आम्ही गाळणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये या बांधकामावर एका सव्वीस वर्षांच्या कामगाराचा अपघाती मृत्यू झाला. उद्घाटनाच्या दिवशी पहिला गोल कोणी केला हे लक्षात राहते. हे लक्षात ठेवणे आमच्यासारख्यांचे काम आहे.

पैशाचा ताणही मोठा पडला. मैदानाचा खर्च ७५ कोटी पौंडांच्या वर गेल्याचे सांगण्यात येते. २०२३–२४ च्या हंगामात तोट्याच्या मर्यादेचा नियम मोडल्याबद्दल क्लबाचे एकूण ८ गुण कापले गेले. मैदानाच्या कर्जावरील व्याज कोणत्या खात्यात धरायचे, हाही त्या वादातला एक मुद्दा होता. खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार काही वर्षे राहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मालक बदलले. अखेर १८ मे २०२५ रोजी गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला आणि २४ ऑगस्ट २०२५ रोजी गोदीतल्या सुमारे ५२,८०० जागांच्या नव्या मैदानावर लीगचा पहिला.

हिशेब कसा मांडावा?

आता वही उघडू. ॲनफील्डला दोन्ही मिळून सुमारे १५,५०० जागा वाढल्या, खर्च १९ कोटी पौंड. म्हणजे वाढीव जागेमागे साधारण १२ हजार पौंड. एव्हर्टनचा खर्च ७५ कोटी धरला आणि सगळ्या जागांवर वाटला तर जागेमागे १४ हजार पौंड येतात. फारसा फरक दिसत नाही. परंतु एव्हर्टनजवळ ३९,४०० जागा आधीच होत्या. वाढ झाली सुमारे १३,४०० जागांची. त्या हिशेबाने एका वाढीव जागेमागे ५५ हजार पौंडांहून अधिक पडले. कोणी नवे मैदान सुचवले आणि खर्च सगळ्या खुर्च्यांवर वाटून दाखवला, तर त्याला एवढेच विचारावे: वाढल्या किती?

अर्थात हा हिशेबही अपुरा आहे. नव्या मैदानात खांब नाहीत, जिने रुंद आहेत, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला सन्मानाची जागा आहे. आणि जुने मैदान दुरुस्तीला पैसा मागतच राहिले असते. तसेच ॲनफील्डच्या १२ हजारांत त्या ओसाड गल्ल्यांची किंमत धरलेली नाही, कारण ती क्लबाच्या वहीत लिहिली जात नाही. ती घरमालकाच्या कपाळी लिहिली जाते.

आणखी एक वही आहे, ती तिकिटांची. नवा सज्जा बांधला की त्याचा खर्च कोणाच्या खिशातून काढायचा? फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲनफील्डच्या होऊ घातलेल्या सज्जात ७७ पौंडांचे तिकीट जाहीर झाले. तेव्हा सुमारे दहा हजार प्रेक्षक चालू सामन्यात बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. आपला संघ दोन गोलांनी पुढे होता. ते गेल्यावर सामना बरोबरीत सुटला. चार-पाच दिवसांत मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला. दगड नाही, शिवी नाही. केवळ एकजुटीने पाठ फिरवली. याहून स्वच्छ हरताळ आम्ही फारसे पाहिले नाहीत.

आणि सार्वजनिक पैशाची वही? लंडनमधील वेस्ट हॅम क्लबाचे मूळ १८९५ सालच्या एका जहाजकारखान्याच्या कामगारसंघात आहे. त्याने २०१६ साली आपले जुने मैदान सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेले स्टेडियम ९९ वर्षांच्या भाड्याने घेतले. ते फुटबॉलजोगे करण्यास ३२ कोटी पौंडांच्या वर खर्च आला. त्यात क्लबाचा वाटा दीड कोटींचा, वार्षिक भाडे आरंभी अडीच कोटी नव्हे, अडीच दशलक्ष, म्हणजे पंचवीस लाख पौंड. उरलेला भार करदात्याचा. ‘नवे मैदान स्वस्तात मिळाले’ असे कोणी म्हणाला, तर ते कोणाला महाग पडले याचा शोध घ्यावा.

‘असतील शितें तर जमतील भुतें’ अशी म्हण आहे. सामन्याच्या दिवशी गुडिसनभोवतीचे पब, तळलेल्या मासळीची दुकाने, गळपट्टे विकणारे फेरीवाले यांचे पोट त्या गर्दीवर होते. गर्दी दोन मैलांवर गेली की त्यांचे काय? एव्हर्टनची पूर्वीची योजना जुने मैदान पाडून तेथे घरे व लोकोपयोगी इमारती बांधण्याची होती. पुढे मे २०२५ मध्ये ठरले की गुडिसन न पाडता तेथे क्लबाचा महिला संघ खेळेल. आणि त्याच वर्षाच्या हंगामापासून तसे सुरूही झाले. गर्दी पूर्वीइतकी नसेल. पण दिवा विझला नाही. जाणाऱ्याने मागे काहीतरी पेटते ठेवून जावे, याचा हा चांगला दाखला.

मग निकाल काय?

आम्हाला विचाराल तर राहणे की जाणे, यापैकी एकच उत्तर सर्वत्र बरोबर, असे नाही. ॲनफील्डला मागे सरकायला जागा करता येत होती आणि टप्प्याटप्प्याने काम होण्यासारखे होते. तेथे राहणे शहाणपणाचे ठरले. गुडिसनला चर्च, शाळा आणि घरे यांनी तिन्हीकडून धरले होते. तेथे जाणे अपरिहार्य होते, आणि शहराच्या हद्दीत, आपल्याच माणसांच्या आवाक्यात गेले हे त्याहून चांगले झाले. कर्कबीला नकार मिळाला तेव्हा क्लबाचे नुकसान झाले असे पुष्कळांना वाटले; आज मागे वळून पाहता त्या नकाराने क्लब शहरात राहिला.

परंतु दोन्ही क्लबांच्या कथेत एक दोष समान आहे: दिरंगाई. लिव्हरपूलने एक तप आणि एव्हर्टनने दोन तपे घालवली, आणि त्या काळाचे भाडे दुसऱ्यांनी भरले. म्हणून जेथे असा प्रश्न निघेल, मग ते मैदान असो की मंडई, तेथे नागरिकांनी सुरुवातीलाच चार गोष्टी लेखी मागाव्यात. निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होणार? तोवर घेतलेली घरे वापरात ठेवणार की ओस टाकणार? वाढीव जागांपैकी किती जागा कमी दराच्या, आणि किती वर्षे? आणि जायचे ठरले तर जुन्या जागी काय राहील, त्याचा पैसा कोठून येईल? यांत बांधणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेचे कलम पाचवे धरावे. ते आमच्या सवयीने शेवटी आले असले तरी अंमलात ते पहिले असले पाहिजे.

ज्या योजनेत या पाच प्रश्नांची उत्तरे मिळतात ती योजना राहण्याची असो की जाण्याची, तिला पाठिंबा द्यावा. जिच्यात मिळत नाहीत, तिचे नकाशे कितीही देखणे असोत, सही करण्यापूर्वी थांबावे. मैदान क्लबाचे असते, जमीन मालकाची असते. परंतु ज्या गर्दीमुळे त्या जमिनीला किंमत येते, ती गर्दी आपली असते. तिने आपला हक्क मोजून मागावा, एवढेच आमचे सांगणे आहे.